लिंबाजी मिस्त्रीचं म्युझियम

लिंबाजी मिस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी मान वर करायचा. घरधनी ‘या मिस्त्री, बसा’ म्हणतोय, बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे, आणि हा उंबऱ्यातच थांबून छत न्याहाळतोय. छत बघून झालं की मग माणसं. लग्नाला गेला तर मांडवात बसायचा नाही, सरळ घरात शिरून स्लॅबखाली उभा राहायचा. एकदा आमच्या हेडमास्तरांची आई वारली. घरात रडारड चाललेली. लिंबाजी आत आला, वर बघितलं, हेडमास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “वाईट झालं, सर. त्या कोपऱ्यात पाणी मुरतंय.” हेडमास्तरांना वाटलं, हा काहीतरी अध्यात्मातलं बोलतोय. त्यांनी डोळे पुसत मान डोलावली. पुढं पावसाळ्यात त्याच कोपऱ्यातून त्यांच्या गादीवर धार लागली तेव्हा त्यांना अर्थ कळला.

तर हा लिंबाजी सेंट्रिंगचा मिस्त्री. स्लॅब टाकायच्या आधी खाली फळ्यांचा साचा ठोकतात, त्याला टेकू देतात, मग वरून काँक्रीट ओततात आणि ते वाळलं की फळ्या काढून घेतात, ते हे काम. घर बांधून झालं की गवंड्याचं नाव होतं, रंगाऱ्याचं होतं, अगदी नळ बसवणाऱ्याचंसुद्धा होतं. सेंट्रिंगवाल्याचं नाव फक्त स्लॅब पडला तरच निघतं. लिंबाजीला याचं काही वाटायचं नाही. “आपलं काम काढून टाकायचंच असतंय, गुरुजी,” तो म्हणायचा. “पर खालून बघा. वरून समदंच चांगलं दिसतंय.” हे ‘खालून बघा’ त्याच्या तोंडी दिवसातून वीस वेळा यायचं.

मी तेव्हा शिरूर कासारच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. म्हणजे फळ्यावर कपबशी काढून देत होतो आणि पोरं ती आपापल्या वहीत फोडत होती. गणिताचा भाग मागं पडला की पहिला बळी माझ्या तासाचा. सांगायचं एवढंच, की कलेबिलेच्या बाबतीत माझा कुणी गावात विचार करत नव्हतं, आणि करावा असं मी काही केलंही नव्हतं.

माझ्या घराचा स्लॅब लिंबाजीनंच केला. फळ्या काढल्या त्या दिवशी हा बाज घेऊन आला, नव्या स्लॅबच्या बरोबर मध्ये टाकली आणि आडवा झाला. मी म्हटलं, “हे काय मिस्त्री?” तर म्हणाला, “पडला तर आधी माझ्या अंगावर पडंल. तुमी संध्याकाळी या.” ही त्याची पद्धतच होती. तालुक्यात ज्या ज्या घराचा स्लॅब त्यानं केला, त्या त्या घरात पहिली झोप त्यानं काढलेली. आमची ही लई चिडली. “वास्तुशांत व्हायच्या आत परका माणूस माझ्या घरात घोरतोय!” आता घोरतोय हे खरं होतं. पण मला विचाराल तर त्या घोरण्याएवढी भक्कम हमी मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिली नाही. तो स्लॅब आजही टिपकत नाही.

आणखी एक. त्याच्या उजव्या कानावर कायम पेन्सिल. सुताराची, लाल, चपटी. आंघोळीला, देवळात, दवाखान्यात इंजेक्शन घेताना, पेन्सिल कानावर. आणि गंमत म्हणजे ती वापरताना त्याला कुणी बघितलं नव्हतं. फळीवर खूण करायची तर हा खिळ्यानं ओरखडा मारायचा. मी एकदा खोदून विचारलं, “एवढी जपता, मग वापरत कावून नाही?”

“ही कामाची न्हाई, गुरुजी.”

“मग कशाची?”

“हाय एका मापाची,” म्हणाला आणि वर छत बघायला लागला. छत बघायला लागला की बोलणं संपलं असं समजायचं.

आता म्युझियम. एका मोठ्या शहरात नव्या चित्रांचं म्युझियम बांधत होते, तिथं लिंबाजी दोन वर्षं कामाला होता. ‘नव्या चित्रांचं’ हा त्याचा शब्द. मॉडर्न आर्टला याच्याहून बरा शब्द मला तरी सापडलेला नाही. शहराचं नाव मी लिहिणार नाही. कारण आहे, ते पुढं येईलच.

म्युझियम कसं होतं, असं विचारायचा अवकाश, की तो भाकरी मागायचा. खायला नाही. तव्यावरची गरम भाकरी हातात घ्यायची, अंगठ्यानं मध्ये दाबायची, एक कड उचलून मुडपायची आणि ताटात उभी करायची. “हे छप्पर. हितून असं उठलं, हितं वाकलं, आन् हितं येऊन भुईला टेकलं. कोपरा न्हाई, खांब न्हाई. आख्ख्या इमारतीत गुण्या लावाया जागा न्हाई, गुरुजी!” गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. ज्या इमारतीत गुण्याला कामच नाही अशी इमारत एका मिस्त्रीनं बांधावी, याचं त्याला स्वतःलाच एवढं नवल वाटायचं की सांगताना आवाज बारीक व्हायचा. मग ती भाकरी तो खायचा नाही. “म्युझियम खाऊ व्हय?” आमची ही म्हणायची, “मग मी काय करू त्या म्युझियमचं?” शेवटी ते गाईला जायचं. आमच्या गाईनं त्या काळात पंचवीसेक म्युझियमं खाल्ली असतील.

“आधी आमी लाकडाचं म्युझियम बांधलं,” तो सांगायचा. “आख्खं. फळी भिजवायची, वाकवायची, ठोकायची. फळी वाकत न्हाई म्हनली की तिच्या बोटाएवढ्या पट्ट्या करायच्या. मग त्यात काँक्रीट वतलं. मग लाकूड काढून घेतलं. लोक बघतेत ते मागं ऱ्हायलेलं.”

तिथले मोठे साहेब, म्हणजे ज्यांनी ती इमारत मनात आणली ते, डोक्याला टोपी घालून हिंडायचे. त्यांनी सांगून ठेवलेलं, भिंतीला गिलावा करायचा नाही. काँक्रीट उघडं राहील, फळ्यांचे वळ दिसतील. लिंबाजीला काही हे पटेना. गिलावा नसलेली भिंत म्हणजे अर्धवट घर, अन् अर्धवट घर म्हणजे मालकाची गावभर शोभा. त्याला वाटलं, साहेबाचं सिमेंट संपलं असंल, बिचारा लाजून बोलत नसंल. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी यानं एक गवंडी हाताशी धरला आणि बारा फूट भिंत आरशासारखी गुळगुळीत करून टाकली. शिवाय पायथ्याला गेरूचा पट्टा ओढला, शोभेला. साहेबांना भेट!

साहेब सोमवारी आले आणि सिमेंटच्या पोत्यावर मटकन् बसले. ओरडले नाहीत. फक्त छिन्नी-हातोडा लिंबाजीच्या हातात दिला. आठ दिवस एकट्यानं खरवडत होता. नवव्या दिवशी साहेब आले आणि म्हणाले, “हात लाव. काय लागतंय?”

“फळीच्या रेघा, साहेब.”

“कुणाच्या फळ्या?”

“माझ्या.”

“मग झाकतोस कशाला?”

हे सांगितलं की लिंबाजी दर वेळी म्हणायचा, “गुरुजी, तवर मला कुणी सांगितलंच न्हवतं, का माझं काम मागं ऱ्हातंय म्हनून.” त्या दिवसापासून हा माणूस बदलला. शाळेच्या सहलीबरोबर आम्ही त्याला एकदा धर्मापुरीला नेलं. तिथल्या जुन्या देवळाचं दगडी छत बघायला तो मंडपात उताणा पडला तो उठेचना. तिथल्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं, याचा काही नवस असेल. त्यांनी याच्या छातीवर बेलाची पानं वाहिली आणि पाया पडल्या. हा बेल अंगावर घेऊन पुटपुटतोय, “फळी न्हाई, टेकू न्हाई, दगडावर दगुड! कसं केलं असंल मायला!”

गावात त्याची ख्याती मात्र म्युझियममुळं नव्हती. दारामुळं होती. शहरात कामाला निघाला तेव्हा नवरा-बायको दोघं जाणार, घर राखायला कुणी नाही. आमच्याकडं ऊस तोडायला अर्धा गाव उठून जातो, मागं बंद घरांची दारं चोरीला जातात. लोक मोठं कुलूप लावतात. लिंबाजीनं दारच काढलं. उंबऱ्यात बाभळीच्या काट्या रोवल्या आणि दार घेऊन एसटीच्या टपावर चढवलं. “कुलपापेक्षा हे बरं. दारच न्हाई तर तोडतील काय?” अख्ख्या स्टँडवर लोक पोट धरून हसत होते. आणि दोन वर्षांनी परत आला तो बिनदाराचा! विचारलं, दार कुठंय, तर म्हणाला, “कामाला आलं.” नवीन दार करेपर्यंत घराला पोत्याचा पडदा होता. हार्डवेअरवाले मन्मथअप्पा तर त्याला ‘दारवाला’च म्हणायचे.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. एक गोष्ट तेवढी नव्हती. त्याची मुलगी कौसा, घरात म्हणायचे कौशी, ती बापाशी बोलायची नाही.

म्हणजे कामाचं बोलायची, पण दुसऱ्यामार्फत. माहेरी आली की आईला सांगायची, “आई, त्यांना म्हणावं च्या झालाय.” ते ‘त्यांना’ दोन हातांवर बसलेले. आई नसली आणि मी असलो तर माझ्यामार्फत. तोही तसंच. बाप-लेकीच्या मध्ये मी टपाल वाटत बसायचो.

कौशी माझ्या वर्गात होती. आई-बाप ऊसतोडीला गेले की ती आजीजवळ राहायची, शाळा शिकायची. सहावीत वर्गात पहिली. माझी कपबशी न फोडता काढणारी तेवढी एकच. मग आजी वारली. आता सहा महिने पोरीला ठेवायचं कुणाजवळ? उसाच्या फडात वयात आलेली पोर न्यायची भीती. आमच्या भागात या प्रश्नाला सगळे जे उत्तर देतात तेच लिंबाजीनं दिलं. तुळशीचं लग्न झालं आणि आठव्या दिवशी कौशीचं. तेरा वर्षांची होती. मी अक्षता टाकल्या, बुंदी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीत तिच्या नावावर लाल रेघ ओढली. मोठ्या तोंडानं लिंबाजीला नावं ठेवायला मी काही मोकळा नाही. पुढं तीच पोर नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायला लागली. लिंबाजीनं मात्र त्या सालानंतर कोयता हातात धरला नाही. तेव्हाच तो सेंट्रिंग शिकला.

या गोष्टीला दहाएक वर्षं झाली. गावात एसटीडीची पेटी आली, रंगीत टीव्ही आले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी टाईल आणि ग्रॅनाईट आलं. मन्मथअप्पांचं हार्डवेअरचं दुकान. कपाळाला विभूती, दर वर्षी न चुकता कपिलधारच्या यात्रेला जाणारा भला माणूस, पण ग्रॅनाईटचं वेड लागलेलं. दुकानात दगडाचे चकचकीत तुकडे मांडून गिऱ्हाइकाला त्यात तोंड बघायला लावायचे. मे महिन्यात एका सकाळी आम्ही तिथं बसलो होतो आणि अप्पांनी पेपर माझ्यापुढं टाकला.

“वाचा गुरुजी. दारवाल्याचं म्युझियम सुधारलं की! ग्रॅनाईट लागतंय!”

मी वाचलं. म्युझियमचा कायापालट होणार होता. बाहेर काच, आत ग्रॅनाईट. उघड्या काँक्रीटच्या भिंती कळकट दिसतात, म्हणून त्या झाकून टाकणार. काम याच महिन्यात सुरू.

लिंबाजीनं विचारलं, “जिन्याखालची बी?”

“सगळ्या म्हटलंय.”

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. मला म्हणाला, “गुरुजी, भिंत झाकायच्या आत कौशीला तिथं न्यायचं हाय. एकदा. तुमी चला. तुमच्याबिगर ती यायची न्हाई.”

“का हो? काय आहे त्या भिंतीत?”

तो वर बघायला लागला. दुकानाला पत्रा होता, तरी बघत राहिला.

कौशी तेव्हा अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेली होती. पंचविशीच्या आतली, दोन लेकरांची आई, हाताला उसाच्या पानांचे ओरखडे. मी निरोप सांगितला. “गुरुजी,” ती म्हणाली, “त्यांना सांगा, माझ्याच्यानं छतं बघत फिरणं व्हायचं न्हाई.” शेवटी तिची आई गयाबाई मध्ये पडली. तिचे गुडघे धरलेले, तिला येणं शक्य नव्हतं. “कौशे, ते शहरात बी वरच बघत चालतील आन् गाडीखाली जातील. गुरुजी काय कामाचे, ते बी तसलेच. तू जा.” ‘तू बापासाठी जा’ म्हटली असती तर गेली नसती. बाप गाडीखाली जाऊ नये म्हणून निघाली. लेकरं आजीपाशी ठेवली.

एसटीत तिघांच्या बाकावर मी मधे. “गुरुजी, त्यांना इचारा, पाणी पाहिजे का.” “गुरुजी, तिला म्हनावं, आत्ता नको.” “गुरुजी, त्यांना म्हणावं, सकाळपासून घेतलं न्हाई, घोटभर घ्या.” त्या प्रवासात माझी मान दुखायला लागली. आणि एकीकडं मनात एकच चाललं होतं. एवढं करून ती भिंत बघितली आणि पोरगी ‘बरं’ म्हणून वळली, तर हा माणूस काय करणार?

म्युझियम दिसलं आणि मी रस्त्यातच थांबलो. आमच्या ताटातली भाकरी तिथं उभी होती. तशीच मुडपलेली, पण डोंगराएवढी. एका टोकाला भुईला टेकलेली आणि तिथून आकाशाकडं निघालेली. चित्रकलेचा मास्तर असून आयुष्यात मी असलं काही बघितलं नव्हतं. लिंबाजीकडं बघितलं तर तो टोपी काढून उभा. त्यानं तरी हे उद्घाटनानंतर कुठं बघितलं होतं? फळ्या काढल्या तेव्हाच तो गावाकडं निघून आला होता.

आत चित्रं होती. एक अख्खं पांढरं, मध्ये एकच काळी उभी रेघ. मी गुरुजी असल्यामुळं कौशी माझ्याकडं अर्थासाठी बघायला लागली. मी घसा खाकरला. तेवढ्यात लिंबाजीनं करगोट्याची किल्ली सोडली, दोऱ्याला धरून चित्रासमोर टांगली आणि एक डोळा मिटला. “ओळंब्यात न्हाई. दीड सूत भायेर हाय.” गणवेशातला रखवालदार धावत आला. बाकी चित्रांकडं लिंबाजीनं ढुंकूनही बघितलं नाही. दालनाच्या मध्ये उभा राहून मान वर. हळूहळू दुसरीही माणसं त्याच्या बाजूला येऊन वर बघायला लागली. गॉगल डोक्यावर चढवलेली एक बाई वहीत काहीतरी लिहायलाही लागली. पाच मिनिटं अख्खं दालन चित्रं सोडून लिंबाजीचं छत बघत होतं. मला एवढा अभिमान वाटला की काय सांगू.

मग तो जिन्याखाली उतरला. तिथं बांबूची परांची उभी राहिलेली, ग्रॅनाईटच्या लाद्या रचून ठेवलेल्या. काम करणारे जेवायला गेले होते. जिन्याच्या आड एक भिंत, वळण घेत घेत संपलेली. फळ्यांचे बारीक उभे वळ, आणि शेवटी एक वेगळाच पट्टा. दोन हात रुंद, पुरुषभर उंच.

“गुरुजी,” लिंबाजी म्हणाला. “तिला म्हनावं, हितं हात लाव.”

मी तोंड उघडायच्या आत तिनं हात लावला होता. त्या पट्ट्यावर एका कडेला आडव्या रेघा उमटलेल्या, बोटाला लागतील अशा वर आलेल्या. एकीवर एक. तिची बोटं त्यांच्यावरून वर गेली आणि एका गोल टेंगळाशी थांबली. लाकडात गाठ निघून भोक पडलेलं असतं, त्या जागी काँक्रीट शिरून झालेलं टेंगूळ. ती तिथंच बोट ठेवून राहिली.

“ह्या भोकातून मी रस्ता बघायचे,” ती म्हणाली. मग वळली. माझ्याकडं नाही. “दादा, हे आपलं दार हाय.”

दहा वर्षांत तिच्या तोंडून बापाला ‘दादा’ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. लिंबाजीनंही.

“शेवटचा माल कालवून झालता,” तो घाईघाईनं सांगायला लागला, जसं काही कुणी थांबवील. “एक फळी कमी पडली. काँक्रीट थांबत न्हाई. खोपीला आपलं दार लावलेलं. पळत गेलो, काढलं आन् हितं उभं केलं. तवा काय ध्यानात न्हवतं, कौशे. फळी काढली आन् बघतो तर खाचा उमटलेल्या. साहेबांनी इचारलं, हे काय. मी म्हनलं, पोरीची उंची हाय, खरवडून काढतो. म्हनले, हात लावशील तर बघ. दार मागनं बायांनी चुलीत घातलं. मी जेवाया गेलतो. आता हे एवढंच हाय.”

दर वर्षी अखाजीला फडावरून परत आला की अंगावरचं ओझं उतरवायच्या आधी तो पोरीला दाराशी उभी करायचा, आणि डोक्याच्या रेषेत कोयत्यानं खाच मारायचा. सहा महिन्यांत केवढी वाढली ते बघायला. हे मला तिथं कळलं.

कौशीनं रेघा मोजल्या. “सात.” वरच्या रेघेच्या वर कोऱ्या भिंतीवर हात फिरवला. “आठवी न्हाई.”

“आठव्या साली आलो,” लिंबाजी म्हणाला. “कोयता घेऊन दारात हुबा ऱ्हायलो. सवयीनं हाक मारली तुला.”

कौशीनं वरच्या रेघेवर परत बोट ठेवलं.

“मी पहिली आलते, दादा. मला शाळा सोडायची न्हवती.”

“व्हय.”

“तुमी इचारलं बी न्हाई.”

“न्हाई इचारलं. चुकलं माझं, कौशे.” आणि तो रडायला लागला. आवाज न करता, पाणी गालावरून सदऱ्यावर. मलाही राहवेना. म्हटलं, “कौशे, मीही बुंदी खाऊन आलो होतो बाई.” तिनं माझ्याकडं बघितलं. मान फिरवली, आणि ते बरोबरच होतं.

मग तिनं डोक्यावरचा पदर मागं घेतला, चपला काढल्या, वळली आणि त्या पट्ट्याला पाठ लावून उभी राहिली. “मोजा.”

लिंबाजीचा हात कानाकडं गेला. ती पेन्सिल कुठल्या मापाची होती ते मला तेव्हा समजलं.

वरच्या पायरीवर बूट वाजले. रखवालदार! मी आयुष्यात कधी नव्हे ती चपळाई केली. जिना चढून त्याला गाठलं आणि विचारलं, “भाऊ, त्या पांढऱ्या चित्राचा अर्थ काय हो?” मला वाटलं, खेकसेल. पण तो गहिवरलाच. “साहेब, इतकी वर्षं उभा आहे, मला कुणी विचारलंच नाही,” म्हणाला आणि माझा हात धरून चित्राकडं घेऊन गेला. त्याला तो त्याच्या गावचा, दोन भावांच्या शेतातला बांध वाटायचा. चांगली दहा मिनिटं सांगत होता. मला तो अर्थ अजून पटतो.

जिन्याकडं पळता पळता मी एवढं मात्र बघितलं होतं, की लिंबाजीनं तिच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि म्हणाला, “टाचा खाली, कौशे.”

“खालीच हायत, दादा.”

“आन् दाराचं खालचं दोन इंच फरशीत गेलंय, ते धर.”

मी परत आलो तेव्हा भिंतीवर पेन्सिलीची एक बारीक रेघ होती, आणि लिंबाजी वरच्या खाचेपासून तिथपर्यंत हातानं मापत होता. एक वीत आणि दोन बोटं.

महिन्याभरात तिथं ग्रॅनाईट बसलं. मन्मथअप्पांनी पेपरातला फोटो दाखवला, लई चकचकीत. लिंबाजी म्हणाला, “बसू द्या. मागं ऱ्हातंय.” शहराचं नाव लिहीत नाही ते याचसाठी. उगाच एखादा शिस्तीचा साहेब लादी काढून रेघ पुसायला लावायचा.

तर त्या दिवशी आम्ही म्युझियमच्या बाहेर पडलो. लिंबाजी आपला सवयीप्रमाणे मान वर करून छप्पर बघत चाललेला. मी त्याला सावध करणार, तेवढ्यात कौशीनं मला मागं सारून त्याचं कोपर धरलं. “दादा, वर काय बघताय? म्होरं पायरी हाय.” आणि लिंबाजी मिस्त्रीनं खाली बघितलं, आणि तिच्या पावलाशेजारी आपलं पाऊल ठेवून एक एक पायरी उतरला.